घरच्या अंगणात गाडी वर उचलायची आहे, खाली विटा लावल्या तर चालतं का?

अडावदचा_पोऱ्या
राम राम मंडळी. सहा महिन्यांपूर्वी जुनी वॅगन आर घेतली. मागच्या वेळी गॅरेजमध्ये ऑइल बदललं तेव्हा चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा) बोल्ट काय नीट बसवला नाही त्यांनी, तेव्हापासून रोज अंगणात दोन-चार थेंब पडून ऱ्हायले. म्हटलं जाऊ दे, आता आपणच शिकू. ऑइल, फिल्टर, बोल्टचं वायसर आणि जमलंच तर पुढचे ब्रेक पॅड, सगळं सामान आणून ठेवलंय.

अडचण फक्त गाडी उचलायची. घरात दोन जॅक आहेत, एक गाडीसोबत आलेला कात्री जॅक आणि दुसरा आबांचा ट्रॅक्टर-ट्रॉलीचा बाटली जॅक, 10 टनी. शेजारचे नाना म्हणतात जॅकवर उचल आणि दोन्हीकडे पक्क्या विटांची थप्पी लाव, आम्ही पन्नास वर्षं असंच करतोय. आबा म्हणतात सिमेंटचे ब्लॉक लाव. यूट्यूबवर सगळे ते लोखंडी स्टँड लावतात. खरंच लागतात का ते की उगाच खर्च? अंगण अर्धं शहाबादी फरशीचं, अर्धं काळी माती. एकटाच करणार आहे, पहाटे पहाटे, कारण नऊनंतर बाहेर बसवत नाही.

धुळ्याचा_भो
काय भो, जीववर उदार व्हयना का? 😄 वॉशिंग सेंटरवर जा, तो गाडी रॅम्पवर चढवतो, वरून पाणी मारतो तोवर खालून बोल्ट कस आणि चहा पिऊन घरी ये.

भुसावळ_मिस्तरी
वर भाऊंनी गमतीत सांगितलं पण नुसता बोल्टच कसायचा असेल तर खरंच तेच करा. शिकायचंच असेल तर मग नीट वाचा, बावीस वर्षं गाड्यांखाली झोपतोय मी.

विटा नाही. सिमेंटचा ब्लॉक तर अजिबात नाही. नानांचं वय मोठं आहे, मान ठेवा, पण ऐकू नका. विटेवर भिंत उभी राहते कारण वजन सगळीकडे सारखं पसरतं. गाडीचा भार येतो तो पत्र्याच्या एका बारीक धारेतून, म्हणजे विटेवर छिन्नी ठेवल्यासारखं झालं. आणि वीट आधी वाकत नाही, कुरकुरत नाही, सांगत नाही, सरळ फुटते. लोखंड निदान वाकताना दिसतं तरी. वॅगन आर हलकी म्हणतात लोक, पण साडेआठशे किलोच्या आसपास आहे ती आणि त्यातलं निम्म्याहून जास्त वजन पुढे, इंजिन-गिअरबॉक्सच्या बाजूला, जिथं तुम्ही डोकं घालणार.

कात्री जॅक फक्त पंक्चर काढायला. चाक बदला, गाडी खाली, जॅक परत डिकीत. त्यावर गाडी ठेवून खाली हातसुद्धा घालायचा नाही. आबांचा 10 टनी ट्रॅक्टरला झकास आहे पण तो बंद असतानाच वीतभर उंच असतो, तुमच्या गाडीचं पोट जमिनीपासून 16-17 सेंटीमीटर, आत जाणारच कसा? आणि कसातरी तिरपा घातला तर त्याचं डोकं बारीक, पत्र्यात घुसेल. बाटली जॅक सरळ उभाच पाहिजे, जरा कलला की निसटला समजा.

तर 2 टनी ट्रॉली जॅक घ्या, तो चाकांवर सरकणारा बुटका असतो, आणि जॅक स्टँडची जोडी, आमच्याकडे पोरं घोडी म्हणतात. घोडी घेताना लिहिलेलं वजन एकीचं आहे का दोघींचं मिळून ते विचारा, काही ठिकाणी जोडीचं लिहितात. दातेवाली आणि पिनवाली दोन्ही मिळतात, मी पिनवाली घेतो, पिन आरपार दिसते, शंका राहत नाही.

जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. आत तेलाची सील असते, ती कधी बसेल काय नेम. आमच्याकडे मे महिन्यात 45 च्या वर जातं, उन्हात पडलेल्या जुन्या जॅकच्या सीलचं काय होत असेल ते बघा.

शिरपूर_तापीकाठ
मिस्तरींनी मेन गोष्ट सोडली, जमीन. मी सांगतो कारण माझ्यासोबत झालंय. आमचं अंगण पण असंच काळ्या मातीचं, उन्हाळ्यात वरून दगडासारखी कडक वाटते म्हणून मी ट्रॉली जॅक तिथंच लावला. एक बाजू वर गेली, घोडी लावली, दुसरी बाजू उचलायला गेलो आणि बघतो तर पहिल्या घोडीचे दोन पाय अर्धा इंच आत गेलेले, घोडी तिरपी. आदल्या रात्री बायकोने तुळशीजवळ पाणी टाकलं होतं ते खालून मुरलं असणार. गाडी हळूच एका बाजूला बसली. मी खाली नव्हतो, पण काढलेलं चाक मी पत्र्याखाली सरकवून ठेवलेलं त्यावर ती टेकली, नाहीतर ब्रेकची डिस्क जमिनीला लागली असती. ती चाकाची आयडिया माझी नाही, मामांची आहे, ते एसटीत होते.

आणि ट्रॉली जॅकची एक गंमत, त्याचं डोकं सरळ वर जात नाही, अर्धगोल फिरत वर जातं, म्हणून त्याची चाकं उचलताना थोडी पुढे सरकावी लागतात. मातीत ती छोटी चाकं रुततात, मग जॅक सरकत नाही, गाडी ओढली जाते नाहीतर डोकं पॉइंटवरून निसटतं. म्हणून फरशीवरच करा. फरशी पण ठोकून बघा, पोकळ वाजली तर तिथं नको, वरून चांगली जाड प्लाय टाका, घोडीखाली पण.

जळगाव_डिप्लोमावाला
एक मुद्दा राहिला, हँडब्रेक. आपल्या वॅगन आरमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि इंजिन फिरवतं पुढच्या चाकांना. लोक काय करतात, पुढून उचलताना गाडी गिअरमध्ये टाकतात आणि समजतात अडकली. पण पुढचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) ते चाक मोकळं उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक सुलटं फिरू शकतं, म्हणजे गिअर असून नसल्यासारखा. तेव्हा गाडी धरून असतो फक्त मागचा हँडब्रेक, आणि जुन्या गाडीचा हँडब्रेक म्हणजे… तुम्हाला माहिती. म्हणून मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे, घट्ट. मागची बाजू उचलायची वेळ आली तर उलट, हँडब्रेक बिनकामाचा, तेव्हा गिअर आणि पुढच्या चाकांना ठोकळे.

बाकी चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. वर गेल्यावर पान्यावर जोर लावलात तर गाडीच हलते.

अडावदचा_पोऱ्या
मिस्तरी, भाऊ, सगळ्यांना धन्यवाद. विटा कॅन्सल. नाना नाराज झाले 😅 एक अडलंय पण. दरवाज्याखाली पत्र्याच्या धारेला त्या दोन खाचा आहेत, जॅक तिथंच लावायचा म्हणतात. मग जॅकने ती जागा अडवली तर घोडी कुठं लावू?

भुसावळ_मिस्तरी
हा खरा प्रश्न विचारलात, व्हिडिओवाले इथंच कट मारतात.

पुढे खाली जाड लोखंडी क्रॉसमेंबर असतो, चाकाला खालून धरणारा लोअर आर्म ज्याला बोल्टने बसतो तो. जॅक तिथं, मध्ये लाकडी गुटका ठेवून, आणि घोडी त्या खाचांखाली. पण आधी तुमच्या गाडीच्या पुस्तकात जॅक पॉइंटचं चित्र बघा, प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. चेंबरला जॅक नाही, गिअरबॉक्सला नाही, रेडिएटरच्या खालच्या पट्टीला नाही. एक जण चेंबरखाली गुटका ठेवून उचललेली गाडी घेऊन आला होता माझ्याकडे, दोनशेचं काम वाचवायला गेला अन् चेंबर बदलून गेला.

घोडीच्या डोक्यावर खाच असलेला रबरी गट्टू ठेवा, पत्र्याची धार दुमडत नाही. जुनी गाडी आहे, आधी त्या धारेला स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, गंज असेल आणि टोक आत गेलं तर तो पॉइंट संपला.

दोन्ही घोड्या एकाच उंचीवर. जॅक हळूहळू सोडा, भार घोड्यांवर बसला की जॅक तिथंच ठेवून परत नुसता टेकवा. मग बंपरला धरून गाडी जोरात हलवा. खाली जायच्या आधी हलवा, गेल्यावर नाही. पडायची तर तेव्हाच पडू दे. आणि घरात कोणाला तरी उठवून ठेवा, पहाटे एकटं नको.

पुढून उचललेली असताना ऑइलची पट्टी बघू नका, खोटं दाखवते. गाडी सपाट जागेवर उतरवून मग बघा.

अडावदचा_पोऱ्या
झालं काम! जोडी जळगावहून आणली. आबा खुर्ची टाकून बसले होते टॉर्च धरून, हलवताना त्यांनीच जास्त हलवली. बोल्टचं वायसरच नव्हतं हो, ते टाकलं, थेंब बंद. पॅड पुढच्या रविवारी. उजव्या बाजूची धार एका ठिकाणी दुमडलेली सापडली, म्हणजे आधीच्या मालकानं तिथं काहीतरी लावलेलं दिसतं.

धुळ्याचा_भो
विटाच लावल्या असतील त्याने 😂