थारला स्कॉर्पिओ-एनसारखे टेरेन मोड बसवता येतात का? मदत हवी आहे

काजूची_बी

नमस्कार मंडळी,

गाडी थार, २०२१ची, एलएक्स डिझेल, मॅन्युअल, हार्डटॉप. फोर बाय फोरला (चारही चाकांना ताकद द्यायला) गिअरशेजारचा दुसरा दांडा. मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल (एक चाक गरगरलं की मागची दोन्ही चाकं एकत्र बांधणारं) आहे, म्हणजे कागदावर तरी आहे. चिखल, वाळू अशा जमिनीप्रमाणे गाडीचं वागणं बदलणारे टेरेन मोड वगैरे काही नाहीत.

चंदगडकडे आमची काजूची बाग आहे. डांबर संपल्यावर दीडेक किलोमीटर तांबडी माती, आणि शेवटी दोनशे फुटांचा चढ. त्यावर ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या. उन्हाळ्यात काहीच वाटत नाही. गेल्या जुलैत मात्र चढाच्या मध्यावर, वळणावरच्या काजूपाशी गाडी थांबली ती थांबलीच. डॅशबोर्डवर घसरण्याचा पिवळा दिवा लुकलुकतोय, मी पाय दाबतोय आणि इंजिन आपलं ऐकूच न आल्यासारखं करतंय. पाय काढला, परत दाबला, असं आठ-दहा वेळा केलं. शेवटी शेजारच्यांचा ट्रॅक्टर.

पंधरा दिवसांनी मेहुणा त्याची स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर घेऊन आला. मोड 'मड'वर, म्हणजे चिखलावर, टाकला आणि त्याच चढावरून वर गेला. जेवताना ही गोष्ट त्याने तीनदा सांगितली.

आता एका गॅरेजवाल्याने सांगितलंय की मोडचं बटण, वायरिंग आणि 'सॉफ्टवेअर मारून' ४५ हजारांत करून देतो, इंजिन दोन्हीकडे महिंद्राचं एमहॉकच आहे. ५ हजार ॲडव्हान्स देऊन बसलोय (घरी माहीत नाही). कुणी केलंय का हे? खरंच चालतं का? पाऊस तोंडावर आहे.

घाटवाट

वाचनखूण साठवली. मलाही हवंय.

डिफकाका

बाकीचे ४० हजार खिशातच ठेवा. सविस्तर लिहितो, कारण दर पावसाळ्यात हा प्रश्न येतो.

मोडचं बटण स्वतः काहीच करत नाही, ते सांगकाम्या आहे. 'मड' निवडलं की गाडीच्या कॅन वायरिंगवरून (गाडीतले कॉम्प्युटर जिच्यावरून एकमेकांशी बोलतात) निरोप जातो आणि दोन-तीन कॉम्प्युटर आपापलं वागणं बदलतात. इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ॲक्सिलरेटर किती दाबल्यावर किती ताकद द्यायची ते ठरवतो. ईएसपीचं (गाडीचं घसरणं आवरणाऱ्या यंत्रणेचं) युनिट चाक किती गरगरू द्यायचं आणि कधी ब्रेक मारायचा ते ठरवतं. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सही गिअर धरून ठेवतो. हे वागणं त्या त्या युनिटमध्ये कंपनीने आधी भरून ठेवलेलं असावं लागतं. तुमच्या थारच्या युनिटला 'मड' हा शब्दच माहीत नाही. बटण लावलं तरी ते बोलणार कुणाशी?

'इंजिन तेच' हा मुद्दा निम्माच खरा. ईएसपी इंजिनावर नव्हे, अख्ख्या गाडीवर बेतलेलं असतं. थारचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४५० मिमी, स्कॉर्पिओ-एनचा २७५० मिमी. वजन वेगळं, उंची वेगळी. एकीचं ईएसपी दुसरीत घातलं तर घाटात ओल्या वळणावर गाडी कशी वागेल, हे तो गॅरेजवालाही सांगू शकणार नाही. टेरेन मोडची पद्धत लँड रोव्हरने २००४ साली डिस्कव्हरी ३ मध्ये आणली, ती एका गोल बटणामुळे नावाजली गेली. पण त्या बटणामागे इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक आणि सस्पेन्शन असं सगळं एकत्र बांधलेलं होतं.

आता तुमच्या चढाबद्दल तीन प्रश्न. दांडा फोर-हायवर (चारही चाकं, नेहमीचा वेग) होता की फोर-लोवर (चारही चाकं, वेग कमी पण जोर जास्त)? ईएसपी बंद केलं होतं का? आणि मागून 'खटॅक' असा आवाज आला का?

रेव्हलिमिट

काका, पेडल बॉक्स लावला तर? पेडलच्या सॉकेटमध्ये खोचायचा, दहा मिनिटांचं काम. माझ्याकडे आहे, गाडी एकदम चपळ झाली.

डिफकाका

चपळ झाली असं वाटतं. तो डबा पेडल आणि ईसीयूच्या मध्ये बसून थापा मारतो: तुम्ही २० टक्के दाबलं तर ईसीयूला ४० सांगतो. ताकद एका घोड्यानेही वाढत नाही. चिखलात आणि दगडांत तर उलट हवं असतं, पेडल मंद हवं, म्हणजे धक्क्यात पाय हलला तरी चाक उसळत नाही. त्या डब्यांत 'इको' सेटिंग असतं, खडकाळ उतारचढावर त्याचा थोडा उपयोग होईल. पण ईएसपी ताकद कापत असेल तर डबा कितीही खोटं बोलला तरी कापणं थांबत नाही.

काजूची_बी

काका, फोर-हायवर, पहिला गिअर. ईएसपी बंद करायचं असतं हेच माहीत नव्हतं, त्या बटणाला मी आजवर हात लावलेला नाही. खटॅक-बिटॅक काही नाही, फक्त चाकं आणि माझी बायको.

रंकाळा_कट्टा

भावा, आम्ही एबीएसचा फ्यूज काढतो, म्हंजे ईएसपीबी बंद. राड कितीबी असू दे, गाडी अडत न्हाई. नाद खुळा.

डिफकाका

आणि परतताना फ्यूज खिशातच राहतो. पुढे डांबरावर म्हैस आडवी आली की एबीएस (जोरात ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारं) नाही आणि पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणीही बिघडलेली. त्यासाठीच डॅशवर ईएसपी बंद करायचं बटण दिलंय. ते दाबून दिवा लागतो का बघा, आणि वेग वाढल्यावर आपोआप परत चालू होतं का हे मॅन्युअलमध्ये वाचा.

काजूची बी, तुमचा घोळ कळला. मागचं लॉकिंग डिफ बटणाचं नाही, यांत्रिक आहे. आत छोटी वजनं फिरतात. मागच्या दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की ती बाहेर फेकली जातात, अडसर पडतो आणि दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात. तोच तो खटॅक. तुमच्याकडे काय झालं? चाक गरगरायला लागलं की ईएसपीने ताकद कापली, उरलीसुरली तुम्ही पाय काढून कापली. फरक शंभरापर्यंत पोचायच्या आत दर वेळी खेळ खलास. लॉकर बिचारा आत वाट बघत बसला.

या वेळी असं करा. चढ सुरू व्हायच्या आधी, गाडी थांबवून, क्लच दाबून फोर-लो. ईएसपी बंद. दुसरा गिअर, गाडी दम धरत असेल तर तिसरा. फोर-लोत पहिला घातलात तर चाकं जागच्या जागी माती खणतात. चाक फिरायला लागलं तर घाबरून पाय काढू नका, एकसारखा धरा, खटॅक ऐका आणि मग हलकेच कमी करा. चाकोरीत स्टिअरिंग थोडं डावीउजवीकडे हलवत राहा, टायरच्या कडा ताज्या मातीला धरतात. तीन-चार सेकंदांत पुढे सरकत नसेल तर थांबा आणि आल्या वाटेने रिव्हर्सने खाली या. अर्ध्यात क्लच दाबून मोकळी सोडू नका.

आणि हवा. टायर कोणते?

काजूची_बी

२५५/६५ आर१८, कंपनीचेच, ४८ हजार किमी. हवा कायम पंपावाला भरेल तेवढी.

डिफकाका

४५ हजारांचं उत्तर इथेच आहे. निम्मे झिजलेले टायर तांबड्या मातीत दोन फेऱ्यांत गुळगुळीत लाडू होतात. मेहुण्याचे टायर किती जुने होते, विचारून बघा.

चढाच्या खाली १८ पीएसआयपर्यंत उतरवा. त्याखाली नको, ट्यूबलेस आहे, दगडाला बाजूने घासला तर रिमवरून सुटेल. वर जाऊन आलात की डांबराला लागण्याआधी परत भरा. त्यासाठी बॅटरीला थेट चिमटे लावायचा कॉम्प्रेसर घ्या, लायटरच्या सॉकेटवाला चार टायर भरता भरता फ्यूज उडवतो. नवे टायर घेताना माप तेच ठेवा, फक्त नक्षी ऑल-टेरेन. सोबत ओढायचा चांगला पट्टा आणि तो गाडीला अडकवायच्या दोन लोखंडी कड्या, म्हणजे शॅकल. उतरताना हिल डिसेंट (उतारावर आपोआप ब्रेक धरणारी सोय) वापरा किंवा फोर-लो पहिला गिअर, क्लचवरून पाय बाजूला. एवढं सगळं नव्या टायरांशिवाय त्या बटणाच्या पाव किमतीत होतं.

काजूची_बी

दहा दिवसांनी लिहितोय. रविवारी गेलो. आदल्या रात्रीपासून रपरप पाऊस. खाली थांबून हवा १८ केली, फोर-लो, ईएसपी बंद, दुसरा गिअर. त्याच काजूपाशी मागचं डावं चाक फिरायला लागलं. सवयीने पाय काढणार होतो, पण काकांचं वाक्य आठवलं. एक, दोन, आणि मागून असा आवाज आला की बायकोने विचारलं, काय तुटलं? काही तुटलं नव्हतं. गाडीने मागून कुणी ढोपर लावल्यासारखी उसळी घेतली आणि वर.

दुसऱ्या खेपेला मात्र अडकलो. चाकोरी खोल होती आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला टेकला. रिव्हर्सने खाली, फावड्याने उंचवटा फोडला, परत वर. ट्रॅक्टर लागला नाही.

मेहुण्याला विचारलं. टायर चार महिन्यांचे होते.

गॅरेजवाला ॲडव्हान्स परत द्यायला तयार नाही, म्हणतो त्यात अंडरकोटिंग (गाडीच्या पोटाला गंजापासून वाचवणारा लेप) करून देतो. घ्यावं का? आणि काका, खटॅक झाल्यावर वर सपाटीला आलो तरी वळताना गाडी जड वाटत होती, ते बरोबर आहे ना?

डिफकाका

बरोबर आहे. फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेला असतो, त्यामुळे सपाटीवर वळताना जड लागणारच. कडक जमीन आली की टू-हायवर (फक्त मागच्या चाकांना ताकद) या. डांबरावर कधीच नको. लॉकर वेगळा, त्यावरचा ताण गेला की तो स्वतःच सुटतो.

अंडरकोटिंग घ्या. पण आधी खालचा चिखल धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून मगच मारायला सांगा, नाहीतर चिखलासकट गंज आत कोंडाल.

काजूची_बी

जूनमध्ये दोन दिवस ऊन, चंदगडला? दसऱ्यानंतर बघतो.