मोरगाव सायकलफेरी : घाटाबाबत सल्ला हवा आहे

बी-४०३ : सोसायटीतल्या सर्वांना नमस्कार. येत्या शनिवारी पहाटे मी सायकलने एकटीच निघणार असून आपल्या कोंढव्याहून सासवड, जेजुरी करत मोरगावला मुक्काम करणार आहे आणि रविवारी सुपे, चौफुला, यवत असा वळसा घालून सोलापूर रस्त्याने परतणार आहे. जाताना साठेक किलोमीटर होतील, येताना पंधरावीस जास्त. प्रश्न एवढाच आहे की, घाट बोपदेवचा घ्यावा की दिव्याचा?

ए-१०२ : बोपदेवचा चढ दिव्यापेक्षा उभा आहे, परंतु दिवे घाटात अवजड गाड्या अगदी कोपराला घासून जातात, तेव्हा मी तुझ्या जागी असतो तर बोपदेवच घेतला असता. मात्र तो रस्ता निर्जन असल्यामुळे पुरते उजाडल्याशिवाय चढायला लागू नकोस.

सी-२०१ : ताई, ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करावे लागतात. मग एवढ्याशा अंतराला दोन दिवस कशाला?

बी-४०३ : कारण मला थांबायचे आहे. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे, आणि तिथे चिंकारा दिसायचा असेल तर सकाळी लवकर पोहोचावे लागते. घड्याळ लावून पळणाऱ्याला तो दिसण्याची शक्यता कमीच. शिवाय हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पूर्वेचा असतो, म्हणजे शनिवारी तो तोंडावर येणार आणि रविवारी थकलेल्या पायांना पाठीमागून हात देणार.

डी-३०५ : अगं, पण एकटीने कशाला जायचे? कोणीतरी सोबत घे.

बी-४०३ : काकू, सोबत असली की एक जण सतत दुसऱ्यासाठी खोळंबतो, आणि चढावर तो दुसरा नेहमी मीच असते. रस्ता जवळचा निवडला आहे तो याचसाठी की, सासवड, जेजुरी, मोरगाव सगळीकडे एसटी आहे आणि अगदीच हात टेकले तर काकांची गाडी दोन-अडीच तासांत येऊ शकते. दर थांब्यावरून मी इथेच निरोप टाकीन.

ए-१०२ : गाडी तयार ठेवतो. पंक्चरचे सामान घेतलेस ना?

बी-४०३ : दोन ट्यूब, हातपंप आणि पितळेची एक छोटी टोपी. गेल्या वर्षी भर उन्हात पंक्चरच्या दुकानापर्यंत सायकल ढकलत नेली, दुकानदाराने पंक्चर चोख काढले, आणि मग लक्षात आले की माझ्या ट्यूबचा वाल्व बारीक, प्रेस्टा जातीचा असल्यामुळे त्याच्या कॉम्प्रेसरची नळी त्यावर बसतच नाही. वाल्ववर ही टोपी फिरवली की मोटरसायकलची हवा भरण्याची नळी बसते. नखाएवढ्या त्या वस्तूवाचून मी तेव्हा टेम्पोतून घरी आले होते.

डी-३०५ : बरे, येताना सासवडची अंजिरे मिळाली तर आण.

बी-४०३ : काकू, सासवड जाताना लागते, दोन दिवस पिशवीत हिंदकळून त्यांचा जॅम होईल. बोपदेव ठरला, उजाडल्यावरच चढेन. रविवारचे माझे दूध तेवढे तुम्ही घेऊन ठेवा.