समांतर प्रोसेस चालवायला बॅशचं ‘&’ आणि ‘वेट’ पुरेसं आहे की नाही?

शेलकर:
चर्चा हवेत राहू नये म्हणून एकच काम समोर ठेवतो. ४०० पानांचं जुनं मराठी पुस्तक, स्कॅन करून पीडीएफ केलेलं. पीडीएफटूपीपीएमने ३०० डीपीआयला पानांच्या प्रतिमा काढल्या. आता टेसरॅक्ट या प्रतिमेतला मजकूर ओळखणाऱ्या प्रोग्रामने मराठीचा डेटा वापरून प्रत्येक पानाचा मजकूर काढायचा आणि सगळा मजकूर पानांच्या क्रमाने एका फाइलीत जोडायचा. मशीन ८ कोअरचं, लिनक्सवर.

माझं म्हणणं असं, की एवढ्यासाठी बॅश (लिनक्सवर कमांड चालवणारं शेल) सोडून कुठे जायची गरज नाही. ‘मेकटेम्प -डी’ने एक तात्पुरतं फोल्डर करायचं. फॉर लूपमध्ये एकेक पान ‘&’ लावून, म्हणजे संपायची वाट न बघता, सोडायचं. आठ प्रोसेस सुरू झाल्या की ‘वेट -एन’वर थांबायचं, एक संपली की पुढची सोडायची. प्रत्येक प्रोसेसचं आउटपुट तिच्या स्वतःच्या फाइलीत, एरर वेगळ्या फाइलीत आणि ‘$?’ची किंमत (एक्झिट कोड: ० म्हणजे काम जमलं, नाहीतर फसलं) तिसऱ्या फाइलीत. शेवटी सगळ्या संपेपर्यंत थांबणारा एक साधा ‘वेट’, मग कोडच्या फाइली तपासायच्या आणि कॅटने मजकूर जोडायचा. पीडीएफटूपीपीएम पानांच्या आकड्यांना आधीच शून्यं लावून देतं (००१ ते ४००), त्यामुळे २ च्या आधी १० येण्याचा प्रश्न नाही.

कोड फाइलीत लिहिण्याला कारण आहे. नुसता ‘वेट’ नेहमी ० देतो, मग चाळीस पानं का बोंबलेनात. चूक झाली की स्क्रिप्ट थांबवणारं ‘सेट -ई’ लावूनही मागे सोडलेल्या प्रोसेसचं अपयश पकडलं जात नाही. ‘वेट -एन’ कोड देतो, पण तो कुणाचा ते सांगत नाही. ते सांगणारा ‘-पी’ पर्याय बॅश ५.१ मध्ये आला.

कोकणी_कर्नल:
एवढा खटाटोप ‘एक्सआर्ग्ज -पी ८’ (यादीतल्या प्रत्येक नावावर कमांड चालवणारं साधन; पी मोठ्या लिपीतला) एका ओळीत करतं. ‘फाइंड’ला ‘-प्रिंट०’, एक्सआर्ग्जला ‘-०’ आणि ‘-एन १’. मोजदाद नाही, लूप नाही. शिवाय तुमचं ‘वेट -एन’ बॅश ४.३ पासूनचं आहे. मॅकसोबत येणारं बॅश अजून ३.२ वर आहे, कारण ४ पासून पुढचं सगळं जीपीएल ३ या परवान्याखाली आहे. तीच स्क्रिप्ट तिथे नेलीत की पहिल्याच ‘वेट -एन’ला आडवी होईल. एक्सआर्ग्जचं ‘-पी’ दोन्हीकडे चालतं.

अपयशही कळतं. एखादी कमांड १ ते १२५ मधल्या कोडने संपली तर एक्सआर्ग्ज शेवटी १२३ देतं. २५५ ने संपली तर पुढची कामं सोडणंच थांबवतं. लिनक्सवरच्या ग्नू एक्सआर्ग्जला चालू असतानाच ‘यूएसआर१’ सिग्नल पाठवला तर समांतर प्रोसेस एकने वाढतात, ‘यूएसआर२’ने कमी होतात. रात्री मशीन मोकळं असलं की वाढवा, सकाळी कमी करा. हे तुमच्या लूपमध्ये कसं बसवणार?

पर्लवाली:
कर्नल, १२३ वरून काहीतरी फसलं एवढंच कळतं. ४०० पैकी कोणतं पान, ते कुठे कळतं?

आणि आउटपुटचं काय? आठही प्रोसेस एकाच पाइपात (आउटपुट पुढच्या प्रोग्रामकडे नेणाऱ्या वाहिनीत) लिहिणार. लिनक्सवर ४०९६ बाइटपर्यंतचं एक लेखन अखंड जातं, याची हमी आहे. पण पाइपात लिहिताना सी लायब्ररी ओळ संपायची वाट बघत नाही, बफर भरला की पाठवून देते आणि तो बफर बहुतेक ४०९६ बाइटचाच असतो. म्हणजे तुकडा अखंड राहतो, ओळ राहत नाही. इंग्रजीत निदान शब्द तुटतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं आणि ४०९६ ला ३ ने भाग जात नाही. ‘पुस्तकालय’मधल्या ‘ल’चा पहिला बाइट एका तुकड्यात, उरलेले दोन पुढच्या तुकड्यात आणि मध्ये दुसऱ्याच पानाचे चार हजार बाइट. वाचताना ‘पुस्तका�’ दिसतं, पुढे भलताच परिच्छेद सुरू होतो. असा मजकूर नंतर कुठल्याही युक्तीने सुटा करता येत नाही.

ग्नू पॅरलल यासाठीच आहे. ते मुळातच प्रत्येक कामाचं आउटपुट वेगळं धरतं आणि काम संपल्यावर एकगठ्ठा सोडतं. ‘-के’ दिलं की दिलेल्या क्रमानेच सोडतं, म्हणजे पानांचा क्रम आपोआप. ‘जॉबलॉग’मध्ये प्रत्येक कामाची सुरुवात, लागलेला वेळ, एक्झिट कोड, सिग्नल आणि मूळ कमांड. ‘रिझ्यूम-फेल्ड’ने फसलेली आणि राहून गेलेली तेवढीच पानं पुन्हा. पॅरललचा स्वतःचा एक्झिट कोड म्हणजे फसलेल्या कामांची संख्या, १०० पर्यंत. त्याहून जास्त असतील तर १०१. हे सगळं बॅशमध्ये हाताने लिहायचा अट्टहास का?

कोकणी_कर्नल:
मजकूर वेगळ्या फाइलीत लिहिला तर सरमिसळ एक्सआर्ग्जमध्येही होत नाही. टेसरॅक्टला आउटपुट फाइलीचं नाव द्यायचंच असतं, ते प्रतिमेच्या नावावरून द्या. पाइपात एकत्र लिहायला कोणी सांगितलं?

पॅरललबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. गठ्ठ्याने सोडण्यासाठी ते आउटपुट तात्पुरत्या फाइलीत साठवतं आणि ती फाइल उघडल्या उघडल्या डिरेक्टरीतून काढून टाकतं. म्हणून फाइलींची जागा मोजणाऱ्या ‘डीयू’ला ती दिसत नाही; डिस्क भरलेली असते आणि कशाने भरली ते सापडत नाही. मोठं आउटपुट असेल तर ‘टीएमपीडीआयआर’ मोठ्या डिस्ककडे वळवा. दुसरं, मोअरयूटिल्स या पॅकेजमध्येही ‘पॅरलल’ याच नावाची वेगळीच कमांड आहे. मशीनवर ती असेल तर तुमचा एकही पर्याय तिला कळणार नाही.

अजगरमित्र:
तिघेही शेलच्या आत फिरताय. पायथॉनमध्ये थ्रेडपूलएक्झिक्युटरला ८ कामगार द्या आणि प्रत्येक थ्रेडमध्ये ‘सबप्रोसेस.रन’. इथे जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉन चालवू देणारं कुलूप) आड येत नाही, कारण थ्रेड नुसता वाट बघत असतो आणि खरं काम वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं. मजकूर, एरर आणि कोड एकाच ऑब्जेक्टमध्ये हातात येतात. ‘मॅप’ वापरला तर निकाल दिलेल्या क्रमाने मिळतात. टाइमआउट दिला की ‘रन’ त्या प्रोसेसला मारतं आणि मगच अपवाद फेकतं.

एकच खबरदारी. ‘पीओपन’ला पाइप देऊन नुसतं ‘वेट’ करू नका. पाइपात साधारण ६४ केबी मावतं. ते भरलं की टेसरॅक्ट लिहिताना अडकतं, तुम्ही ते संपायची वाट बघत अडकता आणि दोघंही कायमचे थांबतात. साध्या मजकुराचं पान ६४ केबीच्या आत बसतं, म्हणून चाचणीत सगळं ठीक दिसतं. एचओसीआर (शब्दांच्या जागांसह मजकूर देणारं स्वरूप) मागितलंत की प्रत्येक शब्दासोबत चौकटीचे आकडे येतात आणि दाट छपाईचं पान ती मर्यादा ओलांडू शकतं. ‘कम्युनिकेट’ किंवा ‘रन’ वापरलं की हा प्रश्न उरत नाही.

शेलकर:
अजगरमित्र, टाइमआउट शेललाही आहे. कमांडच्या आधी ‘टाइमआउट ३००’ लावा. वेळ संपून मारली गेली तर कोड १२४ येतो. तुमच्या ‘रन’ला ‘शेल=ट्रू’ दिलं असेल तर टाइमआउटला फक्त मधलं शेल मरतं. आतलं टेसरॅक्ट पाइप धरून जिवंत राहू शकतं आणि ‘रन’ तिथेच अडकतं.

पर्लवालींचा जॉबलॉगचा मुद्दा वजनदार आहे, तरी माझ्या पद्धतीत कोडची फाइल तेच काम करते. मेमरी संपून लिनक्सच्या कर्नलने (सिस्टिमच्या गाभ्याने) टेसरॅक्ट मारलं तर तिथे १३७ लिहिलेलं सापडतं. फाइलच नसेल तर ते पान फसलं असंच धरायचं. चाकोरीबाहेरचं काहीही न बसवता कुठल्याही नव्या सर्व्हरवर हे चालतं, हे मला मोठं वाटतं.

पर्लवाली:
शेलकर, मग कंट्रोल-सीचं सांगा. स्क्रिप्टमध्ये ‘&’ने सोडलेल्या प्रोसेस इंटरप्ट सिग्नल दुर्लक्षित करूनच सुरू होतात; पॉझिक्स या मानकातच तसं लिहिलंय. स्क्रिप्ट मरते, आठ टेसरॅक्ट चालू राहतात. ‘ट्रॅप’मध्ये (सिग्नल आल्यावर चालणाऱ्या ओळींत) ‘जॉब्ज -पी’ची यादी घेऊन ‘किल’ केलं तर तुमच्या पद्धतीत मरणार ते कोड लिहिणारं सबशेल (शेलची पोटप्रत), त्याच्या पोटातलं टेसरॅक्ट नाही. ‘किल ०’ केलं तर पूर्ण गटच मरतो. ही स्क्रिप्ट दुसऱ्या स्क्रिप्टमधून बोलावली असेल तर ती बोलावणारीसुद्धा त्याच गटात असते.

शेलकर:
बरोबर आहे. बोलावणाऱ्याने ‘सेटसिड’ लावून स्क्रिप्ट वेगळ्या गटात सुरू करायची, कंट्रोल-सी तिच्यापर्यंत पोचत नाही म्हणून तिला स्वतः ‘टर्म’ पाठवायचा आणि स्क्रिप्टच्या ट्रॅपमध्ये आधी ‘टर्म’ दुर्लक्षित करून मग ‘किल ०’. दोन-तीन ओळी वाढतात, त्या मला मान्य आहेत. पण लोक जास्त कशात अडकतात, तर ‘फाइंड’चं आउटपुट पाइपने ‘व्हाइल रीड’ला देऊन आत ‘&’ लावण्यात. तो लूप सबशेलमध्ये चालतो. बाहेरच्या ‘वेट’च्या दृष्टीने त्या प्रोसेस त्याची मुलंच नाहीत, म्हणून तो ताबडतोब परततो आणि अर्धवट फाइली जोडल्या जातात. यादी आधी ‘मॅपफाइल’ने अ‍ॅरेत घ्या, मग फॉर लूप.

चौथा_कोअर:
साधनावरून भांडण्याआधी एक बघा. टेसरॅक्ट ४ पासून ओपनएमपी (एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड चालवायची सोय) वापरतं आणि एकेक प्रोसेस स्वतःच ४ पर्यंत थ्रेड काढते. तुमच्या ८ प्रोसेस म्हणजे ८ कोअरवर ३२ थ्रेड. ते एकमेकांची वाट बघण्यातच सीपीयू जाळतात. ‘टॉप’मध्ये मशीन शंभर टक्के व्यस्त दिसतं आणि पानं मात्र हळू सरकतात. सुरुवातीलाच ‘ओएमपी_थ्रेड_लिमिट’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून एक्सपोर्ट करा. मग बॅश, एक्सआर्ग्ज, पॅरलल, पायथॉन, काहीही घ्या, ८ प्रोसेसना ८ कोअर पुरतील. इमेजमॅजिकने आधी पानं साफ करत असाल तर तिथेही तेच, तेही ओपनएमपीवर चालतं.

कोकणी_कर्नल:
+१. ही ओळ वर कुणाच्याच कृतीत नव्हती, माझ्याही नाही.

अजगरमित्र:
शेलकर, तुमच्या फाइलींच्या पद्धतीत एक भोक राहिलंय. मधेच वीज गेली तर ०५७ ची मजकूर फाइल अर्धी लिहिलेली असते. ‘फाइल आहे म्हणजे पान झालं’ असं धरून पुन्हा चालवलंत तर ते अर्धं पान पुस्तकात जाईल.

शेलकर:
त्यासाठी मजकूर आधी ‘.अर्धवट’सारख्या नावाने लिहायचा आणि कोड ० आला तरच ‘एमव्ही’ने खरं नाव द्यायचं. एकाच फाइलसिस्टिमवर नाव बदलणं एका झटक्यात होतं, मधली अवस्था कुणाला दिसत नाही. वीजच जाणार असेल तर नाव बदलण्याआधी त्या फाइलवर ‘सिंक’ही चालवा, नाहीतर नाव बदललेलं पण आत काहीच नाही असं होऊ शकतं. आणि नाव बदलणं एकाच फाइलसिस्टिमवर व्हावं म्हणून तात्पुरतं फोल्डर ‘टेम्प’मध्ये न करता पुस्तकाच्याच फोल्डरमध्ये करा. बऱ्याच मशीनवर ‘टेम्प’ वेगळं, मेमरीतलं असतं. तिथून ‘एमव्ही’ केलं तर ती प्रत्यक्षात कॉपी होते आणि अर्धवट फाइलचा धोका परत येतो.