अनुभव धागा: घरात पाय मोडलाय आणि मूल लहान आहे, दिवस कसा घालवलात?

माझी लेक अडीच वर्षांची. तीन आठवड्यांपूर्वी सोसायटीच्या बागेत मी तिला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून खाली येत होते. तिच्या बुटाचा रबरी तळ कडेला घासून अडकला. पाय तिथेच राहिला आणि आम्ही दोघी पुढे सरकलो. नडगीचं हाड पिळवटून तिरकं तडकलं. डॉक्टरांनी समजावलं, की मूल एकटं घसरत असेल तर पाय अडकल्यावर बहुतेक वेळा तिथेच थांबतं, पण मागे मोठ्या माणसाचं वजन असलं की सगळा जोर त्या कोवळ्या हाडावर येतो. आपण सगळेच काळजीपोटी मुलांना मांडीवर घेतो, म्हणून हे सगळ्यात आधी लिहिलं. कृपा करून घेऊ नका.

मांडीपासून बोटांपर्यंत फायबरचं प्लास्टर आहे, चार आठवडे. दुखणं चौथ्या दिवशी ओसरलं आणि तिथून पुढचे दिवस जास्त जड गेले. पुस्तकं, ठोकळे, मोबाईलवरची गाणी, सगळं सकाळी अकराच्या आत संपायचं. आराम मिळावा म्हणून आम्ही तिला आतल्या खोलीत ठेवलं होतं, ती आमची चूक. कुकरची शिट्टी झाली, दारावरची बेल वाजली, की ती रडायची. तिकडे काहीतरी चाललंय आणि मी त्यात नाही, एवढंच तिचं दुःख होतं. मग गादी उचलून हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या दारासमोर टाकली. आता बेल वाजली की पहिलं तीच ओरडते, "कोण आहे?"

कपडे वाळत घालताना चिमट्यांची टोपली तिच्याकडे असते. एक चिमटा उघडायला तिला दोन्ही हात लागतात. जीभ दातांत धरून ती तो उघडते, आधी स्वतःच्या फ्रॉकला लावून बघते, मग मला देते. वीस चिमट्यांना पाऊण तास जातो.

विकतच्या खेळण्यांची यादी नको, ती कुठेही मिळते. तुमच्या घरात खरंच काय चाललं ते लिहा. पाय आईबाबांचा मोडला असेल आणि मूल धडधाकट असेल, तर तेही लिहा.

कोल्हापूरचा बाबा

ताई, माझा मुलगा चार वर्षांचा असताना माझ्याच सायकलच्या मागे बसला होता. चाकाच्या तारांमध्ये पाय गेला. टाच सोलवटली आणि घोट्याच्या वरचं हाड मोडलं. जखमेचं ड्रेसिंग करायचं म्हणून पहिले दिवस कच्चं प्लास्टर, नंतर पक्कं.

घर रस्त्यालगत आहे, म्हणून त्याची खाट खिडकीशी लावली आणि एक वही दिली. लाल एसटी गेली की एक रेघ, दुधाची गाडी गेली की एक, उसाचा ट्रॅक्टर गेला की एक. गळिताचा हंगाम होता, त्यामुळे ट्रॅक्टरला तोटा नव्हता. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी, हे त्याला दुसऱ्या दिवशीच जमलं. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतील तर रेघा किती, यावर त्याचं आणि आईचं रोज बोलणं व्हायचं. मी संध्याकाळी कामावरून आलो की हातपाय धुऊन आधी वही बघायची, असं ठरलं होतं. एक दिवस मी दमून तसाच जेवायला बसलो, तर तो वही छातीशी धरून मुकाट पडून राहिला. परत ती चूक केली नाही.

सायकलच्या मागच्या चाकाला आता जाळी आहे. बसवायला दहा मिनिटं लागली. मुलाला मागे बसवणाऱ्या प्रत्येकाने ती आजच बसवावी.

टोरांटोहून एक आई

आमच्याकडे मांडीचं हाड होतं. मुलगा तीन वर्षांचा. या वयात बहुतेकदा स्पायका घालतात, म्हणजे छातीखालून सुरू होणारं प्लास्टर: मोडलेल्या पायाला घोट्यापर्यंत, दुसऱ्याला गुडघ्यापर्यंत, मधे शी-शूसाठी जागा. सहा आठवडे. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी सांगते: छोटा डायपर प्लास्टरच्या कडांच्या आत खोचायचा आणि त्यावरून मोठा बांधायचा. पहिले दोन दिवस हे कोणी सांगितलं नव्हतं, फार हाल झाले.

छातीखाली उशा देऊन पालथं झोपवलं की दोन्ही हात मोकळे होतात आणि जमिनीवरचा खेळ खेळता येतो. पण आमचे सहा आठवडे निभावले ते सांगलीच्या आजीने. इथे सकाळचे साडेआठ, तिथे संध्याकाळचे सात. देवापाशी दिवा लावून आई फोनसमोर मेथी निवडायला बसायची आणि इकडे मी लेकाला कोथिंबिरीची जुडी द्यायचे. तो एकेक पान खुडायचा, ती तिकडून विचारायची, "किती झाली रे बाळा?" आणि सोबत एका कासवाची गोष्ट. ती तिने स्वतःच रचली होती, रोज पुढचा भाग. कासवाला पाठ काढून ठेवता येत नाही, म्हणून ते पाठीसकट जत्रेला जातं, पाठीसकट नदी ओलांडतं. लेक प्लास्टरवर टकटक करून म्हणायचा, "आजी, माझी पण पाठ!" आई तेव्हा फोन जरा बाजूला करून डोळे पुसायची.

नाशिकची आजी

अगं पोरी, खेळाचं सगळे सांगतील, मी पोटाचं सांगते. पडून राहिलेल्या मुलाला खडा होतो, मग ते किरकिर करतं आणि आपल्याला वाटतं कंटाळलंय. पाणी भरपूर, पपई, रात्री भिजवून कुस्करलेल्या मनुका. आडवं असताना शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, ठसका लागतो.

आणि बारीक खेळणं नको. आमच्या नातवाने चिंचोके खेळता खेळता एक प्लास्टरच्या आत सरकवला. दोन दिवस बोलला नाही. तिथे जखम झाली, प्लास्टर कापून नवीन घालावं लागलं. त्याच्या मुठीत मावणार नाही एवढंच खेळायला द्या.

ठाण्याची आई

माझा स्वतःचा घोटा. पावसात जिन्यावरून घसरले, प्लेट आणि स्क्रू, सहा आठवडे पाय टेकायचा नाही. मुलगा दोन वर्षांचा. त्याला खेळायला सासूबाई होत्या, शेजारची मुलं होती. त्याला पाहिजे होतं ते एकच, कडेवर. मी कुबड्या घेऊन उभी राहिले की तो हात वर करून समोर यायचा आणि मला त्याला "नाही" म्हणावं लागायचं. दिवसातून कितीतरी वेळा. शेवटी त्याने हात वर करणंच सोडलं, ते मला ऑपरेशनपेक्षा जास्त लागलं.

मग नवऱ्याने पलंगाशी पाट ठेवला, त्यावर एक उशी. पाटावर चढायचं, उशीवर गुडघा टेकायचा आणि आईच्या चांगल्या बाजूने आत यायचं. "आई तुला उचलू शकत नाही, तू आईकडे चढून ये." दोन दिवसांत शिकला. दुखऱ्या पायाभोवती आम्ही लाल ओढणी पसरून ठेवायचो, "लालच्या पलीकडे जायचं नाही." एकदाही गेला नाही. संध्याकाळी सहाला तो पाटावर येऊन उभा राहायचा, मी काहीही करत असले तरी सोडून द्यायचे. अर्धा तास नुसतं कुशीत पडायचं. खेळ नाही, गोष्ट नाही.

पाट अजून तिथेच आहे.

नागपूरचा बाबा

प्लास्टर काढायच्या दिवसाची तयारी आधीपासून करा. ती करवत गोल फिरत नाही, थरथरते, त्यामुळे कडक प्लास्टर कापलं जातं आणि कातडी सहसा वाचते, पण आवाज भयंकर. आम्ही आठवडाभर रोज मिक्सर लावून "प्लास्टरचा आवाज" म्हणून खेळलो. लेक तरीही रडली, पण पाय हलवला नाही. खाज सुटली तर आत पट्टी, सुई काही घालू नका. ड्रायरची थंड हवा सोडा. बोटं सुजली, निळी-गार पडली किंवा रडणं थांबेना, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

धागाकर्ती

प्लास्टर परवा निघालं. पाय बारीक झालाय, कातडी कोरडी, सालपटं निघताहेत. डॉक्टर म्हणाले, काही आठवडे लंगडेल, ओढून चालवू नका, स्वतःहून टेकवू दे. दोन दिवस बसूनच सरकत होती. पाय खाली टेकवला की लगेच उचलून घ्यायची.

आज सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली. मी गॅसपाशी होते. मागे "कोण आहे?" ऐकू आलं आणि वळून बघते तर ती गादीवर नव्हती. सोफ्याची कड दोन्ही हातांनी धरून उभी होती, दाराकडे तोंड करून.