शब्दचर्चा : ‘पोटातील जंतू’ला दुसरा शब्द सुचवा

सुतळी : आतड्यातल्या बॅक्टेरियांवरच्या अभ्यासाचं माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत करायचंय. आधीच्या मसुद्यात ‘पोटातील जंतूंचा अभ्यास’ आहे. वाचणारा ‘जंतू’चं ‘जंत’ करतो, आणि मलाचा नमुना द्यायच्या आधीच जंताची गोळी घेऊन मोकळा होतो. सातवी शिकलेल्याला कळेल असा शब्द हवा.

परीक्षानळी : अल्बेंडाझोलची ४०० मि.ग्रॅ.ची गोळी कृमींच्या पेशींतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला धरते, बॅक्टेरियांना मारायला ती नाहीच. पण जंत पडले, पोट बिघडलं की नमुनाही बदलतो. शब्द बदलाच. फक्त त्यांच्या जुन्या इंग्रजी नावातल्या ‘फ्लोरा’वरून ‘आतड्यातील वनस्पती’ करू नका. बॅक्टेरिया वनस्पतींत मोजायचे, तेव्हाचं नाव आहे ते.

ओवीकार : ‘जंत’ हा ‘जंतु’चाच अपभ्रंश. संस्कृतात जंतु म्हणजे कुठलाही प्राणी, माणूससुद्धा. रोगाशी त्याला आपण बांधलं. ‘सूक्ष्मजीवसृष्टी’ घ्या, त्यात बरेवाईट सगळे आले.

कोठीवाला : ‘सूक्ष्मजीवसृष्टी’ वाचून होईपर्यंत माणूस सही न करता उठून जाईल. मराठीत ‘कोठा’ आहे की! जड कोठा, हलका कोठा, कोठा साफ. मूळ ‘कोष्ठ’, बद्धकोष्ठही तिथलंच. ‘कोठ्यातले जीवाणू’ म्हणा.

परीक्षानळी : कोठ्यात जठरही येईल, आणि तिथला अल्सर करणारा बॅक्टेरिया हेलिकोबॅक्टर पायलोरी हा वेगळाच विषय. मार्शल आणि वॉरन यांना २००५चं नोबेल त्याच्यासाठी मिळालं. डबीतला नमुना मुख्यतः मोठ्या आतड्याचं सांगतो, लहान आतड्याचं फारसं नाही. तसंच लिहा.

ताकपिठं : ‘पोटातलं विरजण’? लगेच कळतं.

परीक्षानळी : कळतं, पण भलतंच. विरजणात मोजक्या जाती, आतड्यात शेकडो. शिवाय दह्यातले बॅक्टेरिया सहसा आतड्यात मुक्काम ठोकत नाहीत, खाणं थांबलं की दिसेनासे होतात. मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानं आंबट दुधाची भलामण केली होती, पण त्यातला बल्गेरिकस हा बॅक्टेरिया आतड्यात वस्ती करत नाही. विरजण लिहिलंत तर लोक मुद्दाम दही खाऊन येतील.

ओवीकार : मग ‘मायक्रोबायोम’ला काय म्हणणार? जनुकशास्त्रज्ञ लेडरबर्गनं २००१मध्ये घडवलेला शब्द आहे, त्याला तोडीचा हवा.

परीक्षानळी : लेडरबर्गनं रुळवला. १९८८मध्येही तो छापून आलाय. मायक्रोबायोटा म्हणजे तिथले जीव. मायक्रोबायोममध्ये त्यांची जनुकंही धरतात. बॅक्टेरिया ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकाचा नुसता तुकडा वाचला तर कोण राहतं ते कळतं, काय करतं त्याचा फक्त अंदाज. हा फरक प्रबंधात ठेवा, पत्रकात नको.

डबीझाकण : खरा घोळ पुढच्या पानावर आहे. ‘प्रतिजैविके घेतली का?’ याला उत्तर येतं ‘नाही’, आणि पिशवीत अझिथ्रोमायसिनचं पाकीट असतं. ‘अँटिबायोटिकचा कोर्स’ असं विचारा. ताप, दात, लघवीची जळजळ यांवर गेल्या तीन महिन्यांत घेतलेली पाकिटं दाखवायला सांगा. आणि ‘मलाचा नमुना’ काढा, ‘संडासचा नमुना’ लिहा.

ओवीकार : संडास ही जागा. जागेचा नमुना घेणार? ‘शौच’ म्हणा.

कोठीवाला : शौच म्हणजे शुद्धी, तिचा तरी कसा घेणार?

डबीझाकण : काहीही म्हणा, कृती नीट लिहा. आधी लघवी उरकायची. कोरडा कागद पसरायचा. लघवी किंवा पाणी लागू द्यायचं नाही. झाकणाच्या चमच्यानं वाटाण्याएवढा भाग घ्यायचा, नमुना टिकवणाऱ्या द्रावणात पूर्ण बुडवून हलवायचा. द्रावण दिलं नसेल तर लगेच बर्फावर, आणि प्रयोगशाळेत उणे ८० अंशांवर. ‘फ्रिजरमध्ये ठेवावा’ एवढंच लिहू नका. घरचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिजर बर्फ साचू नये म्हणून मधूनमधून गरम होतो. नमुना वितळतो, पुन्हा गोठतो, पेशी फुटतात. नाजूक भिंतींचे बॅक्टेरिया आधी जातात आणि मोजणी कलते.

सुतळी : तूर्तास ‘मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया’ आणि ‘संडासचा नमुना’ लिहितेय. एथिक्स समितीनं ‘संडास’ खोडलं तर ‘शौच’.

ओवीकार : ‘बॅक्टेरिया’च लिहायचं तर मराठी पत्रक कशाला?

ताकपिठं : बरं, जीवाणू की जिवाणू?