एमएससाठी तज्ज्ञ न्यूरॉलॉजिस्ट हवे आहेत : कोल्हापूर, बेळगाव, पुणे, मुंबई किंवा मंगळुरू

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिसचं (एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूवर परिणाम करणारा आजार) निदान झालंय. वय ३१. ती गडहिंग्लजला असते, मी पुण्यात. एमएसचे पेशंट नेहमी बघणारे न्यूरॉलॉजिस्ट शोधतेय.

गेल्या वर्षी तिला उजव्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं, डोळा हलवला की दुखायचा. स्टेरॉइडनंतर नजर बरीचशी परत आली. यंदा उन्हाळ्यात दोन्ही पाय बधिर झाले आणि छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटायला लागलं. एमआरआयमध्ये मेंदूत पांढरे डाग दिसले, मानेच्या भागात मज्जारज्जूवर एक छोटा डाग आहे. पाठीतलं पाणी काढून तपासलं, त्यात ऑलिगोक्लोनल बँड (एमएसमध्ये बऱ्याचदा सापडणारी खूण) पॉझिटिव्ह. पाच दिवस मिथाइलप्रेडनिसोलोन दिलं, रोज एक ग्रॅम सलाइनमधून. आता चालते, पण ऊन लागलं की पाय जड पडतात आणि सकाळच्या भाकऱ्या झाल्या की तिला आडवं व्हावंच लागतं. बाहेरून धडधाकट दिसते, त्यामुळे हा थकवा घरच्यांना पटवणं हेही एक कामच आहे.

कोल्हापूरचे तिचे न्यूरॉलॉजिस्ट आम्हाला मनापासून आवडतात. त्यांनीच स्पष्ट सांगितलं, "अटॅक आला तर मी सांभाळेन, पण कायमचं औषध कोणतं हे असे पेशंट रोज बघणाऱ्याकडून ठरवून घ्या."

हा निर्णय किती नाजूक आहे ते मला आता कळतंय. एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) हा आजार सुरुवातीला एमएससारखाच दिसू शकतो, आणि इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड यांसारखी एमएसची काही औषधं त्यात उलट त्रास वाढवतात. तिचा मज्जारज्जूवरचा डाग लहान आहे, बँडही आलेत, त्यामुळे एमएसचीच शक्यता जास्त असं डॉक्टर म्हणतात. तरी अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग अँटिबॉडीच्या (एनएमओ आणि तसेच दिसणारे आजार ओळखण्यासाठीच्या) तपासण्या पाठवल्यात, रिपोर्ट यायचाय. तो नीट वाचून सांगणारं माणूस हवं.

दुसरं म्हणजे तिला मूल हवंय. त्यामुळे टेरिफ्लुनोमाइड आणि फिंगोलिमॉड तर बादच. डायमिथाइल फ्युमरेटच्या गोळ्या आणि रिटुक्सिमॅब ही दोन नावं आमच्यासमोर आली आहेत. रिटुक्सिमॅबला एमएससाठी अधिकृत मान्यता नसली तरी आपल्याकडे बरेच डॉक्टर ते देतात, आणि ऑक्रेलिझुमॅब या एमएससाठी मान्यता असलेल्या तशाच औषधापेक्षा ते बरंच स्वस्त पडतं. ते सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी आणि टीबीच्या तपासण्या, लशी हे सगळं आलंच. गर्भधारणेचं वेळापत्रक यात कसं बसवायचं, यावर कुणी शांतपणे बोलेल का?

मंगळुरूच्या न्यूरॉलॉजिस्ट डॉ. लेखा पंडित यांचं या आजारांवरचं काम वाचलंय, आणि गडहिंग्लजहून मंगळुरू अशक्य नाही. तिकडे कुणी गेलंय का? पुण्या-मुंबईत कोण? मोठ्या हॉस्पिटलचं नाव नको, डॉक्टरचं सांगा. ते एमएसचे किती पेशंट बघतात, दरवर्षी एमआरआय करून जुन्याशी ताडून बघतात का, मधल्या काळात फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला देतात का, हे माहीत असेल तर फार मदत होईल. वर्षातून एक-दोनदा तज्ज्ञांकडे आणि एरवी कोल्हापूरला, अशी सोय कुणी लावली आहे का? दोन्ही डॉक्टरांचं आपसात जमतं का?

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या पुणे शाखेत मी चौकशी करणार आहे. तिथे कुणी सभासद असाल तर अनुभव सांगा. बहिणीच्या वयाच्या, हा आजार असलेल्या एखाद्या बाईशी तिचं बोलणं करून देता आलं तर तेही हवंय. सध्या ती कुणाशीच बोलत नाही.

स्टेम सेल, पथ्यं, काढे यांचे सल्ले कृपया नकोत, घरात ते भरपूर मिळतायत. डॉक्टरांची नावं इथेच लिहा, म्हणजे पुढे शोधणाऱ्यांनाही सापडतील. पेशंटविषयी काही खाजगी असेल तर व्यक्तिगत निरोप करा. एमआरआयची सीडी आणि सगळे रिपोर्ट माझ्याकडे आहेत, अपॉइंटमेंट मिळाली की लगेच निघू शकतो.