रविवारी हाफ मॅरेथॉन, शनिवारी शहर फिरायचं का?

रविवारी पहाटे माझी पहिली हाफ मॅरेथॉन, २१.०९७५ किलोमीटर. त्या निमित्ताने दोघांनी दोन दिवस शहर बघायचं ठरवलंय. नवरा पळत नाही. त्याने शनिवारसाठी किल्ला, संग्रहालय, नदीकाठ अशी यादी केलीय. नकाशावर मोजलं, १४ किलोमीटर चाल! नाही म्हटलं तर हिरमुसेल. काय करू?

उत्तर १
ही चूक मी केलेली आहे. संग्रहालय म्हणजे आराम वाटतो, पण तीन तास रेंगाळत उभं राहून पोटऱ्या दगड होतात. बिब (छातीवर लावायचा नंबराचा कागद) सकाळीच घ्या, तो लावायच्या पिना तिथेच मोजा. मला तीनच मिळाल्या होत्या, चौथा कोपरा शेवटपर्यंत फडफडत होता. दुपारी बसून बघता येईल तेवढंच. आणि किल्ला रविवारी दुपारीही नको. चढाल हो, उतरताना मांड्या बोंबलतील. सोमवारी तर आणखीच.

उत्तर २
मी न पळणारा नवरा. त्याला एकट्याला फिरू द्या, आम्हाला चालतं! फक्त १५ किलोमीटरच्या आसपास तो रस्त्याच्या कुठल्या हाताला उभा राहणार ते आधी ठरवा. मी डावीकडे ओरडत होतो, बायको उजवीकडे शोधत निघून गेली. अजून ऐकवते.

मूळ प्रश्नकर्ती
त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, "किल्ल्यावर मी एकटाच जाणार होतो, तू पायऱ्या मोजत बसतेस." डावा हात ठरलाय. माझा डावा की त्याचा, यावर वाद चालू आहे.